तरुणांचा पक्षाघात आणि मानेतील फाटलेली धमनी : एका निदानाचा इतिहास

प्रस्तावना

'पक्षाघात' किंवा 'लकवा' म्हटले की आपल्यासमोर बहुधा साठी-सत्तरीचा माणूस उभा राहतो. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वर्षानुवर्षे धमन्यांत साठत गेलेली चरबी ही त्याची ओळखीची कारणे. हे चित्र खरे आहे, पण पुरे नाही. वीस ते पन्नास या वयातही पक्षाघात होतो आणि तेथे कारणांची यादी बरीच बदलते. त्या यादीतील एक महत्त्वाचे कारण म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या भिंतीला आतून पडणारी फाट. वैद्यकात तिला 'डिसेक्शन' म्हणतात. सर्व वयांचे रुग्ण एकत्र मोजले, तर रक्तपुरवठा अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे २ टक्केच या फाटीमुळे होतात. तरुण आणि मध्यमवयीन रुग्ण वेगळे काढले, की हेच प्रमाण १० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही या आजाराचा इतिहास विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असे मला वाटते. मानेत धमनी माणूस आहे तेव्हापासून आहे. तिला फाट पडण्याचे प्रकारही नवीन नाहीत. मग हा आजार पाठ्यपुस्तकात ठळकपणे १९७० च्या दशकानंतरच का आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना उपकरणांचा, शवविच्छेदनाच्या पद्धतींचा आणि पुराव्याच्या तर्कशास्त्राचा इतिहास आपोआप समोर येतो.

१. आधी थोडी रचना

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या चार. मानेच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमन्या असतात; हनुवटीच्या कोपऱ्याखाली बोट ठेवले तर त्यांचे ठोके लागतात. मागच्या बाजूला दोन व्हर्टेब्रल धमन्या असतात. त्या मानेच्या मणक्यांना असलेल्या बाजूच्या छिद्रांतून, जणू खांबांच्या कड्यांतून ओवलेल्या दोरीप्रमाणे वर चढतात आणि सर्वांत वरच्या दोन मणक्यांपाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान फिरवताना सर्वाधिक हालचाल याच दोन मणक्यांमध्ये होते, हे लक्षात ठेवा. कॅरोटिड धमनीही मानेत बऱ्यापैकी मोकळी असते, पण कवटीच्या तळाशी हाडाच्या बोगद्यात शिरताना घट्ट धरली जाते. मोकळा भाग आणि जखडलेला भाग जेथे भेटतात तेथे ताण एकवटतो, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

धमनीची भिंत तीन थरांची असते. आतला थर पातळ आणि गुळगुळीत, मधला स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, बाहेरचा चिवट. आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीत घुसले, किंवा भिंतीतीलच सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून तेथे रक्त साचले, की थर एकमेकांपासून सुटू लागतात. प्लायवुडमध्ये पाणी शिरल्यावर पापुद्रे सुटतात, तसाच हा प्रकार. साचलेल्या रक्ताचा फुगवटा आतल्या बाजूला आला तर रक्ताचा मार्ग अरुंद होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, तोच दाब असताना, साध्या प्रवाहाच्या नियमानुसार प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. शरीरात गणित इतके सरळ नसते, कारण मेंदूच्या तळाशी चारही धमन्यांना जोडणारे एक वर्तुळ असते आणि एका बाजूची तूट दुसरी बाजू अंशतः भरून काढते. बहुतेक वेळा खरा धोका वेगळाच असतो. फाटलेल्या खडबडीत जागेवर रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर वर जातो आणि मेंदूतील एखादी लहान धमनी बंद करतो.

फाट पडणे आणि पक्षाघात होणे या दोन घटनांत काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असू शकते. हे अंतर या लेखात पुढे दोनदा महत्त्वाचे ठरणार आहे.

२. जुनी नावे, जुन्या कल्पना

आपल्याकडे चरकसंहितेत पक्षाघाताचे वर्णन वातव्याधींमध्ये येते. 'अर्धांगवायू' हा आजही बोलीत रुळलेला शब्द त्याच विचारपरंपरेतून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची चर्चा आहे. तेथे कंठाच्या दोन्ही बाजूंना 'नीला' आणि 'मन्या' नावाची मर्मे सांगितली असून त्यांना इजा झाल्यास वाचा जाते किंवा आवाज बदलतो असे म्हटले आहे. मानेतील 'मातृका' नावाच्या शिरांना इजा झाल्यास मृत्यू ओढवतो असेही नोंदवले आहे. सुश्रुताला धमनीतील फाट ठाऊक होती असा अर्थ यातून काढणे योग्य होणार नाही. मानेवरील आघाताचा वाचेशी आणि जीविताशी संबंध आहे हे निरीक्षण मात्र स्पष्ट आहे.

ग्रीकांचेही असेच. 'कॅरोटिड' हे नाव ज्या ग्रीक शब्दाशी जोडले जाते त्याचा अर्थ गुंगी किंवा बेशुद्धी. या धमन्या दाबल्या तर प्राणी गुंगतो अशी त्यांची समजूत होती. पक्षाघाताला ते 'ॲपोप्लेक्सी' म्हणत, म्हणजे एका फटक्यात खाली पाडले जाणे. इंग्रजीतील 'स्ट्रोक' म्हणजेही फटकाच. तिन्ही परंपरांत अचानकपणाचे वर्णन आहे. आत नेमके काय घडते हे पाहण्याचा मार्ग मात्र कोणाकडेच नव्हता.

३. शवविच्छेदनाच्या टेबलावर

तो मार्ग युरोपात सतराव्या शतकात खुला झाला. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये ॲपोप्लेक्सीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू उघडून त्याने आतील रक्तस्राव दाखवला. कॅरोटिड आणि व्हर्टेब्रल धमन्यांतून मेंदूकडे जाणारा प्रवाह अडल्यानेही असा आजार होऊ शकतो, असा तर्क त्याने मांडला. १६६४ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ आला. वर उल्लेखिलेले धमन्यांचे वर्तुळ आजही विलिसच्याच नावाने ओळखले जाते. त्या ग्रंथातील काही चित्रे काढणारा क्रिस्टोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा वास्तुकार म्हणून प्रसिद्ध झाला.

धमनीचे थर सुटू शकतात ही गोष्ट प्रथम मानेत नव्हे, तर छातीतील महाधमनीत लक्षात आली. १७६० मध्ये ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज अचानक मरण पावला. त्याच्या शवविच्छेदनात महाधमनीच्या भिंतीत शिरलेल्या रक्ताची नोंद झाली. १८१९ मध्ये स्टेथोस्कोपचा जनक रने लेनेक याने अशा अवस्थेसाठी 'थर सोडवत जाणारा फुगवटा' या अर्थाची संज्ञा वापरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिर्खो याने गुठळी एका जागी धरते आणि तिचा तुकडा दूर जाऊन अडकतो, ही यंत्रणा दाखवून दिली. १८७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे शल्यविशारद व्हेर्नई याने एक रुग्ण मांडला. अपघातानंतर त्याच्या शरीराची एक बाजू लुळी पडली होती आणि शवविच्छेदनात मानेतील कॅरोटिड धमनीचा आतला थर फाटून तेथे गुठळी झालेली आढळली.

म्हणजे १८७२ पर्यंत कोड्याचे सगळे तुकडे हाती होते: थर सुटतात, गुठळी धरते, तुकडा वर जातो, मेंदूचा भाग मरतो. तरीही पुढची जवळजवळ ऐंशी-शंभर वर्षे हा आजार अपघाताच्या प्रकरणांतील एक दुर्मीळ चमत्कारिक घटना म्हणूनच राहिला.

कारण अगदी व्यवहारातले होते. नेहमीच्या शवविच्छेदनात कवटी उघडत आणि छाती-पोट उघडत. मधली मान बहुधा तशीच राही. मेंदूचा मेलेला भाग दिसे, हृदय दिसे, पण दोघांना जोडणारी नळी तपासली जात नसे. पंप पाहिला, टाकी पाहिली, आणि मधल्या पाइपाकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

४. सावलीतून दिसलेली धमनी

जिवंत माणसाच्या मानेतील धमनी पाहायला क्ष-किरणांची गरज होती. त्यांचा शोध १८९५ मध्ये लागला, पण क्ष-किरणांना रक्त आणि आजूबाजूचे मांस वेगळे दिसत नाही. लिस्बनमध्ये एगास मोनिझ याने १९२७ मध्ये कॅरोटिड धमनीत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडून मेंदूच्या धमन्यांची छायाचित्रे घेतली. हीच अँजिओग्राफी. मोनिझला पुढे १९४९ चे नोबेल मिळाले ते मात्र मेंदूवरील एका शस्त्रक्रियेसाठी, जी आज जवळपास टाकून दिली गेली आहे. टिकली ती त्याची अँजिओग्राफी.

१९५१ मध्ये माँट्रियलमधील मिलर फिशर या मज्जाविकारतज्ज्ञाने कॅरोटिड धमनी बंद होण्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. काही रुग्ण पक्षाघातापूर्वी एका डोळ्याला काही क्षण अंधारी आल्याचे सांगत, आणि लुळेपणा मात्र शरीराच्या विरुद्ध बाजूला येई. डोळा आणि मेंदूचा तो भाग या दोघांना रक्त पुरवणारी सामाईक नळी मानेतच असते. फिशरने मानेतील धमनी उघडून पाहिली आणि दोष तेथे सापडला. मेंदूच्या आजाराचे मूळ मेंदूबाहेर, मानेत असू शकते, हा विचार त्यानंतर रुजला. १९५६ मध्ये हचिन्सन आणि येट्स यांनी व्हर्टेब्रल धमनीच्या मानेतील भागाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

१९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर याने सुई, तार आणि बारीक नळी वापरून धमनीत शिरण्याची सोपी रीत दाखवली. त्यामुळे अँजिओग्राफी अनेक रुग्णालयांत होऊ लागली. १९५० च्या दशकात कोणताही मोठा आघात नसताना कॅरोटिड धमनीला पडलेल्या फाटीची तुरळक प्रकरणे छापून येऊ लागली.

५. १९७८ : दोऱ्यासारखी रेघ

बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या याच फिशरने ओजमन आणि रॉबरसन या सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये मान आणि मेंदूच्या धमन्यांना आपोआप पडणाऱ्या फाटीवर सविस्तर निबंध लिहिला. अँजिओग्राफीत धमनी एका ठिकाणापासून पुढे लांबवर दोऱ्यासारखी बारीक दिसते, हे लक्षण त्यांनी अधोरेखित केले. चरबीचा साठा बहुधा कॅरोटिड जेथे दुभंगते तेथे होतो. फाट त्याच्या काही सेंटिमीटर वर आढळते. जागा वेगळी, आकार वेगळा, रुग्णाचे वय वेगळे. म्हणजे आजारच वेगळा.

या निबंधाने आणि त्यानंतर मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या कामाने आणखी एक मोठा गैरसमज दूर केला. त्याआधीची प्रकरणे मुख्यतः शवविच्छेदनातून आलेली असल्याने हा आजार जवळजवळ नेहमी प्राणघातक असतो असे वाटे. फक्त कोसळलेले पूल तपासणाऱ्याला प्रत्येक तडा पूल पाडतो असेच वाटणार. जिवंत रुग्णांत निदान होऊ लागल्यावर कळले की पुष्कळ रुग्ण चांगले सुधारतात. २००१ मधील एका सर्वमान्य आढाव्यानुसार, अरुंद झालेल्या धमन्यांपैकी सुमारे ९० टक्के कालांतराने पूर्ववत होतात आणि पूर्ण बंद झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पुन्हा उघडतात. आकडेवारी गोळा करण्याची जागा बदलली आणि आजाराचा चेहराच बदलला. निवडीतून येणारा पूर्वग्रह म्हणतात तो हाच.

जुन्या लक्षणांनाही नवा अर्थ आला. १८६९ मध्ये स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर याने एका बाजूची पापणी किंचित खाली येणे आणि बाहुली बारीक होणे या जोडीचे वर्णन केले होते. डोळ्याकडे जाणारे काही मज्जातंतू कॅरोटिड धमनीच्या भिंतीला लपेटून वर जातात. भिंत फुगली की ते दाबले जातात. मानदुखी असलेल्या तरुणात ही जोडी दिसली तर ती धमनीकडे बोट दाखवते. तसेच १८९५ मध्ये वॉलेनबर्ग याने चक्कर, गिळण्यात अडचण, आवाज घोगरा होणे, चेहऱ्याच्या एका आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूची वेदनेची जाणीव जाणे असा लक्षणसमूह मांडला होता. तरुणांत त्यामागे बऱ्याचदा व्हर्टेब्रल धमनीची फाट असते.

६. सुई न टोचता

अँजिओग्राफीत धमनीच्या आतील रक्ताची सावली दिसते; भिंत दिसत नाही. आजार तर भिंतीत आहे. १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला. १९८० च्या दशकात एमआरआय आला. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या एमआरआयच्या आडव्या छेदात भिंतीतील रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे उजळते आणि मध्ये रक्तमार्गाचा काळा ठिपका राहतो. अशा रीतीने भिंतच दिसू लागली, आणि निदान झालेल्या रुग्णांची संख्या वाढली. आजार वाढला असे नव्हे. तो दिसू लागला.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर परिसरात केलेल्या लोकसंख्येवरील अभ्यासात दरवर्षी लाखामागे सुमारे २.६ जणांना ही फाट आढळली. सौम्य प्रकरणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नसल्याने खरा आकडा यापेक्षा मोठा असावा, असे तज्ज्ञ मानतात. रुग्णांचे सरासरी वय चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असते.

७. कारण की योगायोग?

आता या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त प्रकरणाकडे येऊ. १९४७ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात मानेला झटका देऊन केलेल्या उपचारांनंतर मेंदूला व मज्जारज्जूला झालेल्या इजांची नोंद आली. तेथे कायरोप्रॅक्टिक नावाच्या पद्धतीत असे उपचार केले जातात. १९९३ मध्ये वाइन्ट्रॉब याने केशकर्तनालयात बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर पक्षाघात झालेल्या पाच स्त्रियांची प्रकरणे मांडली. खोकणे, शिंकणे, छत रंगवणे, योगासन, जोराची उलटी अशा साध्या घटनांचीही यादी होत गेली.

प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहिले तर पटते: आधी मान वळली, नंतर फाट पडली. पण मान तर प्रत्येकजण दिवसातून शेकडो वेळा वळवतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सर्वांच्या वैद्यकीय भेटींच्या नोंदी सरकारी विम्यामुळे उपलब्ध होत्या. २००१ मध्ये तेथील अभ्यासात दिसले की ४५ वर्षांखालील, मेंदूच्या मागील भागाचा पक्षाघात झालेल्या रुग्णांनी आदल्या आठवड्यात कायरोप्रॅक्टरची भेट घेतली असण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. पुरावा भक्कम वाटला. २००८ मध्ये कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रांतातील ८१८ रुग्णांचा अभ्यास केला आणि एक साधा प्रश्न जोडला: हे रुग्ण आदल्या दिवसांत साध्या फॅमिली डॉक्टरकडेही जास्त गेले होते का? उत्तर होय असे आले, आणि तो संबंधही जवळपास तेवढाच होता. फॅमिली डॉक्टर तर मान मोडत नाही.

येथे सुरुवातीला सांगितलेले अंतर आठवा. फाट आधी पडते, मान किंवा डोके दुखू लागते, त्या दुखण्यासाठी माणूस कोणाकडे तरी जातो, आणि पक्षाघात त्यानंतर होतो. भेट आणि पक्षाघात या दोघांचेही कारण आधीच पडलेली फाट असू शकते. याचा अर्थ झटके देणे निर्धोक आहे असा होत नाही. फाटलेल्या धमनीवर दिलेला झटका गुठळी सोडवू शकतो, आणि काही प्रकरणांत फाटही त्यानेच पडली असू शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात हीच तोलून मापून भूमिका घेतली: संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण असा उपचार करण्यापूर्वी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यावी.

शरीराच्या बाजूने काय कारणे असतात? काही थोड्या रुग्णांत संयोजी ऊतींचा आनुवंशिक आजार असतो. अर्धशिशी असणाऱ्यांत फाटीचे प्रमाण अधिक आढळते. नुकत्याच झालेल्या संसर्गाशीही संबंध दिसला आहे. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने 'पीएचएसीटीआर-१' या जनुकातील एका सामान्य फरकामुळे फाटीची शक्यता कमी होते असे दाखवले. गंमत अशी की हाच फरक अर्धशिशीची शक्यता कमी करतो आणि हृदयविकाराच्या झटक्याची मात्र वाढवतो.

८. औषध कोणते?

गुठळी धरू नये म्हणून दोन प्रकारची औषधे आहेत. ॲस्पिरिनसारखी औषधे रक्तबिंबिकांना चिकटण्यापासून रोखतात. वॉर्फरिनसारखी औषधे गोठण्याची साखळीच मंदावतात. १९७० नंतर चार दशके डॉक्टर आपापल्या अनुभवानुसार निवड करत. 'कॅडिस' या ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. २५० रुग्णांत पहिल्या तीन महिन्यांत पक्षाघात झाला तो ॲस्पिरिन प्रकारच्या १२६ पैकी ३ जणांना आणि दुसऱ्या प्रकारच्या १२४ पैकी एकाला. फरक ठरवण्यासाठी हा आकडा फारच लहान. निर्णायक उत्तराला हजारो रुग्ण लागतील. त्याच चाचणीत तज्ज्ञांनी चित्रे पुन्हा तपासली तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत फाटीचे निदान पक्के होऊ शकले नाही. इतकी यंत्रे असूनही 'पाहणे' अजून सोपे नाही. २०२१ मध्ये स्वित्झर्लंड, जर्मनी आणि डेन्मार्कमधील १९४ रुग्णांवरील 'ट्रीट-कॅड' चाचणीत ॲस्पिरिन दुसऱ्या प्रकाराइतकेच चांगले आहे हे सिद्ध झाले नाही. त्यामुळे कोणाला काय द्यावे हा निर्णय आजही रुग्णागणिक घेतला जातो.

पक्षाघात होऊनच गेला असेल तर मात्र घड्याळ महत्त्वाचे. १९९५ च्या अमेरिकी चाचणीने गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी पहिले तीन तास निश्चित केले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. २०१५ मध्ये नळीतून गुठळी बाहेर ओढून काढण्याच्या उपचाराला अनेक चाचण्यांनी मान्यता मिळवून दिली. मानेतील फाटीमुळे झालेल्या पक्षाघातातही योग्य रुग्णांना हे उपचार देता येतात.

९. मैदानावरील एक घटना

तुमच्यापैकी अनेकांनी या धमनीचे नाव क्रिकेटमुळे ऐकले असेल. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर ६३ धावांवर खेळणाऱ्या फिलिप ह्यूज याच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, उसळता चेंडू आदळला. दोन दिवसांनी तो गेला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. भारतीय संघ तेव्हा ऑस्ट्रेलियातच होता आणि पहिली कसोटी पुढे ढकलावी लागली. आघाताने व्हर्टेब्रल धमनी फाटली आणि रक्त मेंदूभोवती पसरले. येथे एक भेद लक्षात घ्या. या लेखात आपण प्रामुख्याने पाहिली ती प्रवाह अडवणारी फाट. ह्यूजच्या बाबतीत फाट बाहेरपर्यंत गेली आणि रक्तस्राव झाला. धमनी तीच, यंत्रणा वेगळी. २०१६ मधील न्यायिक चौकशीत कोणाही व्यक्तीला दोषी धरले गेले नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिकेट ऑस्ट्रेलियाने वेगवान गोलंदाजी खेळताना मानेचे संरक्षक कवच सक्तीचे केले. रचनेतील त्रुटी कळणे आणि नियम बदलणे यांत नऊ वर्षे गेली.

१०. भारतातील संदर्भ

भारतात तरुणांच्या पक्षाघाताच्या कारणांत संधिवाती तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा, क्षयरोगाचा मेंदूज्वर आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या यांचा परंपरेने मोठा वाटा राहिला आहे. मानेच्या धमनीची फाट शोधायची तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करावी लागते, आणि ती सर्वत्र सहज मिळत नाही. ज्या तालुक्यात यंत्र नाही, तेथे हा आजार अजूनही एकोणिसाव्या शतकातच आहे असे म्हणता येईल.

आपल्याकडे केस कापून झाल्यावर मालिश करून मान दोन्हीकडे 'मोडून' देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कडकन आवाज आला की बरे वाटते. वर पाहिलेला वाद संपला नसला तरी एवढे निश्चित सांगता येते की या झटक्याचा काही सिद्ध लाभ नाही आणि नुकतीच नव्याने मान दुखू लागली असेल तर तो घेणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विशीतल्या मुलाचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तोल गेला, तर आजूबाजूच्यांना पक्षाघाताची शंकाच येत नाही. 'जागरण झाले असेल', 'काही प्यायला असेल', 'परीक्षेचा ताण असेल' असे म्हणून त्याला झोपवले जाते आणि साडेचार तास वसतिगृहाच्या खोलीत निघून जातात. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात खाली पडणे, बोलणे अस्पष्ट होणे, अचानक तोल किंवा दृष्टी जाणे, यांपैकी काहीही दिसले तर वय न विचारता ११२ किंवा १०८ वर फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. मानेच्या किंवा डोक्याच्या एका बाजूला पूर्वी कधी न झालेल्या प्रकारचे दुखणे, त्यासोबत पापणी खाली येणे किंवा कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घोंघावणे असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक मानदुखी साधीच असते, घाबरण्याचे कारण नाही. या सोबतच्या खुणा मात्र ओळखता आल्या पाहिजेत.

११. समारोप

वेप्फरच्या ग्रंथापासून फिशरच्या १९७८ मधील निबंधापर्यंत ३२० वर्षे गेली. या काळात बुद्धिमान माणसांची उणीव नव्हती. मान उघडली जात नव्हती, म्हणून धमनी दिसली नाही. पुढे सावली दिसू लागली, पण भिंत दिसली नाही. भिंत दिसू लागल्यावर कारणांचा वाद सुरू झाला, आणि तो मिटवायला यंत्राऐवजी संपूर्ण प्रांताच्या नोंदवह्या लागल्या. प्रत्येक टप्प्यावर अडथळा वेगळा होता, म्हणून त्यावरचे उत्तरही वेगळ्या शाखेतून आले: शरीररचना, रसायन, भौतिकी, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र.

आज ज्या खोलीत एखादा तरुण अचानक कोसळतो, तेथे पहिला निरीक्षक डॉक्टर नसतो. त्याचा खोलीमित्र असतो. 'या वयात हे होत नाही' हा समज दूर होणे हीही या इतिहासातील एक पायरी आहे, आणि ती चढायला कोणतेही यंत्र लागत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. १८७२ मध्ये यंत्रणेचे सर्व घटक ज्ञात असूनही हा आजार दुर्मीळ का मानला गेला? शवविच्छेदनाच्या पद्धतीच्या आधारे स्पष्ट करा.

२. केवळ मृत रुग्णांच्या अभ्यासातून आजाराच्या गंभीरतेबद्दल चुकीचा निष्कर्ष कसा निघतो? तुमच्या अभ्यासशाखेतील एक समांतर उदाहरण द्या.

३. ओंटारिओतील २००१ आणि २००८ च्या अभ्यासांची तुलना करा. फॅमिली डॉक्टरच्या भेटी मोजल्याने निष्कर्षात काय बदलले आणि काय बदलले नाही?

४. तुमच्या महाविद्यालयापासून सीटी स्कॅनची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? रात्री दोन वाजता तेथे पोहोचायला किती वेळ लागेल? प्रत्यक्ष माहिती काढून लिहा.